पूडलचे पिल्लू पसंत करण्याआधी त्याच्या आईला भेटा

ठाण्यात गेल्या काही वर्षांत पूडल बरेच दिसू लागले आहेत. घोडबंदर रस्त्यावरच्या संकुलांत, उपवनच्या काठावर, अगदी नौपाड्यातल्या जुन्या इमारतींच्या गल्ल्यांतसुद्धा कुरळ्या केसांचे एखादे पिल्लू तुरुतुरु चालताना हमखास भेटते. आमची खारीक ही मिनिएचर पूडल आहे आणि तिला घेऊन फिरायला निघाले की लोक थांबवून दोनच गोष्टी विचारतात : कुठून घेतली आणि कितीला पडली? या प्रश्नांचे खरे उत्तर रस्त्यात उभे राहून देता येत नाही, आणि अर्धवट उत्तरावर विसंबून कोणी घाईने पिल्लू घेतले तर त्याचा त्रास त्या मुक्या जिवाला दहा-बारा वर्षे भोगावा लागू शकतो. म्हणून आम्ही काय पाहिले, काय विचारले आणि का विचारले, ते येथे सविस्तर लिहीत आहे.

पहिली गोष्ट ही की निरोगी पिल्लू नुसते पाहून ओळखता येत नाही. स्वच्छ डोळे, ओलसर नाक, घट्ट शी, न सुजलेले पोट, अंगावर पिसवा नाहीत, हाक मारल्यावर धावत येते, हे सगळे पाहायलाच हवे. पण आठ आठवड्यांचे बहुतेक पिल्लू या परीक्षेत उत्तीर्ण होते. पूडलमध्ये जे आनुवंशिक आजार आढळतात, ते पुढे काही महिन्यांनी, कित्येकदा काही वर्षांनी डोके वर काढतात. त्यांचा अंदाज पिल्लाच्या अंगावरून येत नाही, तो त्याच्या आईवडिलांच्या तपासण्यांवरून येतो. आपण जादा पैसे मोजतो ते खरे तर पिल्लाच्या जन्माआधी केल्या गेलेल्या कामाचे, आणि ते काम झाले आहे की नाही हे तपासणे एवढेच आपल्या हातात असते.

डोळ्यांचेच पाहा. पूडलमध्ये पीआरए नावाचा आजार आढळतो. त्यात डोळ्याच्या आतला प्रकाश टिपणारा पडदा हळूहळू निकामी होत जातो. आधी अंधारातले दिसणे कमी होते, कुत्रा रात्री जिना उतरायला कचरतो, आणि कालांतराने त्याची दृष्टी पूर्ण जाते. यावर उपचार नाही. यातला जो प्रकार पूडलमध्ये सर्वांत परिचित आहे, त्याची डीएनए चाचणी गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यावरही होऊ शकते. हा दोष पिल्लात आजार म्हणून उतरण्यासाठी तो आई आणि वडील दोघांकडूनही यावा लागतो. दोघांपैकी एकजण निर्दोष असेल, तर दुसरा दोषाचा वाहक असला तरी एकही पिल्लू त्या कारणाने आंधळे होत नाही. दोघेही वाहक असतील तर मात्र प्रत्येक पिल्लामागे चारात एक इतकी शक्यता राहते. वाहक स्वतः आयुष्यभर ठणठणीत असतो, म्हणून "आमच्या दोन्ही कुत्र्यांना काही झालेलं नाही" हे विक्रेत्याचे वाक्य प्रामाणिक असले तरी पुरेसे नसते. चाचणीचा कागद पाहावा, आणि त्या कागदावर त्याच कुत्र्याच्या कातडीखाली ओळखीसाठी बसवलेल्या मायक्रोचिपचा क्रमांक आहे का, तेही पडताळून घ्यावे.

गुडघ्यांचा प्रश्न वेगळा आहे. टॉय आणि मिनिएचर पूडलमध्ये मागच्या पायाच्या गुडघ्याची वाटी जागेवरून सरकण्याचा त्रास पुष्कळ दिसतो. कुत्रा धावता धावता मध्येच एक पाय उचलून चार-सहा पावले तीन पायांवर उड्या मारतो आणि मग काही झालेच नाही असा पुन्हा नीट धावू लागतो. घरच्यांना ती लाडिक सवय वाटते. यासाठी विश्वासाची डीएनए चाचणी नाही. पशुवैद्य हाताने गुडघा दाबून, वाटी हलवून पाहतात आणि तिला एक (सौम्य) ते चार (गंभीर) अशी श्रेणी देतात. आईवडिलांचे गुडघे तपासल्याची लेखी नोंद मागणे हा त्यावरचा साधा उपाय. आपल्या फ्लॅटमधल्या गुळगुळीत व्हिट्रिफाइड फरशीवर असा पाय आणखी घसरतो, म्हणून आमच्याकडे हॉलमध्ये आणि स्वयंपाकघराच्या दारात रबरी तळाची पायपुसणी कायमची अंथरलेली आहेत. याच लहान आकारांत मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा कमी होऊन ते झिजण्याचा आजारही आढळतो. तो साधारण पहिल्या वर्षाच्या आतच लंगडण्यातून कळतो. मोठ्या स्टँडर्ड पूडलमध्ये खुब्याचा सांधा, त्वचेतील तेलग्रंथींचा दाह, अॅडिसन हा अॅड्रिनल ग्रंथींचा आजार आणि पोटाला पीळ पडण्याचा जीवघेणा प्रकार यांविषयी विचारावे लागते. ठाण्यात स्टँडर्ड फारसे कोणी पाळत नाही, त्यामुळे त्याच्या तपशिलात शिरत नाही.

आता ब्रीडरविषयी. आम्हाला दूरध्वनीवर सांगितलेल्या किमती ३५ हजारांपासून दीड लाखापर्यंत होत्या आणि किमतीचा तपासण्यांशी काही संबंध असेलच असे नव्हते. एका विक्रेत्याने पिल्लाचा व्हिडिओ पाठवला, अर्धी रक्कम लगेच भरायला सांगितली आणि पिल्लू महामार्गालगतच्या एका मॉलच्या पार्किंगमध्ये आणून देतो म्हणाला. आईला पाहायचे आहे असे म्हटल्यावर "आई गावाला आहे" हे उत्तर मिळाले. दुसऱ्याने आई म्हणून एक देखणी, दाट केसांची, नुकतीच पार्लरमधून आणल्यासारखी मादी दाखवली. सहा आठवड्यांच्या पिल्लांची आई अशी दिसत नाही. तिचे स्तन ओघळलेले असतात, अंग खंगलेले असते आणि व्याल्यानंतर पुष्कळदा केस विरळ झालेले किंवा सोयीसाठी आखूड कापलेले असतात. आई पिल्लांपाशी जाते का, पिल्ले तिला लुचायला धावतात का, हे पाच मिनिटे पाहिले तरी खरेखोटे कळते. तिथून आम्ही नम्रपणे निरोप घेतला.

या बाबतीत कायदाही खरेदीदाराच्या बाजूचा आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. केंद्र सरकारच्या २०१७ च्या श्वानप्रजनन आणि विक्रीविषयक नियमांनुसार ब्रीडरने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असली पाहिजे, आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही, दीड वर्षाच्या आतल्या मादीची वीण करता येत नाही, आणि तिच्याकडून वर्षाला एकाहून अधिक वेत घेता येत नाही. नोंदणीचे प्रमाणपत्र दाखवा म्हटल्यावर ज्याचा आवाज चढतो, त्याच्याकडून पिल्लू घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. केनेल क्लब ऑफ इंडियाचा, म्हणजे चेन्नईच्या केसीआयचा वंशावळीचा कागद ही याहून निराळी गोष्ट आहे. तो कागद पिल्लाचे कुळ सांगतो, आरोग्य सांगत नाही. तरीही तो उपयोगाचा आहे, कारण त्यावरची नावे वाचली की एकच आजोबा दोन्ही बाजूंना तर येत नाही ना, हे दिसते. जवळच्या नात्यात वारंवार वीण केली की लपलेले दोष उघडे पडण्याची शक्यता वाढते.

शेवटी आम्हाला हव्या तशा ब्रीडर नेरुळमध्ये भेटल्या. वयाने माझ्याहून मोठ्या, तळमजल्यावरचे स्वतःचे घर, घरात तीन मोठे पूडल, वर्षाकाठी फार तर एक वेत. पहिल्या भेटीत त्यांनी पिल्ले दाखवलीच नाहीत, कारण तेव्हा पिल्ले झालेलीच नव्हती. "आधी आमच्या मोठ्यांबरोबर दोन तास बसा, मग बोलू," असे त्या म्हणाल्या. माझ्या पतींना धुळीची अॅलर्जी आहे आणि पूडलची अॅलर्जी होत नाही असे आम्ही सगळीकडे ऐकले होते. त्या बाईंनी ते तिथेच खोडून काढले. पूडलचे केस घरभर गळत नाहीत हे खरे. पण अॅलर्जी मुख्यतः कुत्र्याच्या लाळेतल्या आणि कोंड्यातल्या प्रथिनांमुळे होते, आणि ती प्रत्येक कुत्र्यात असतात. त्यामुळे त्या दोन तासांत पतींनी कुत्र्यांना मांडीवर घेतले, हात चाटू दिले आणि घरी येऊन रात्रभर काही होते का ते पाहिले. नंतर आणखी एकदा हाच प्रयोग केला आणि मगच आम्ही होकार कळवला. ज्यांच्या घरी दमा किंवा अॅलर्जी आहे, त्यांनी हे टाळू नये. पिल्लू घरी आणून महिन्याभराने परत करणे हा त्याच्यावर मोठा अन्याय आहे.

आम्ही जितके प्रश्न विचारले, त्याहून अधिक त्यांनी आम्हाला विचारले. "दिवसा घरी कोण असतं?" "लेक दहावीला गेली की हिला फिरवणार कोण?" "रोज विंचरायला वेळ मिळेल का, की गुंता झाला की थेट मशीन?" माझ्या मुलीला हे प्रश्न परीक्षेसारखे वाटले, मला मात्र त्यातूनच खात्री पटत गेली. ज्या माणसाला पिल्लू कुठे जाणार याची काळजी असते, त्याने ते जन्माला घालतानाही काळजी घेतलेली असते.

पिल्ले पाच आठवड्यांची झाल्यावर आम्ही पुन्हा गेलो. खोलीत फिनाईलचा किंवा मुताचा उग्र वास नव्हता. कोपऱ्यात वर्तमानपत्रे अंथरलेली होती आणि पिल्ले आपण होऊन तिकडे जात होती. प्रत्येकाच्या गळ्यात वेगळ्या रंगाची सैल लोकर बांधलेली, आणि शेजारच्या स्टुलावर स्वयंपाकघरातला वजनकाटा व एक शंभर पानी वही. वहीत जन्मापासून रोज सकाळचे प्रत्येकाचे वजन ग्रॅममध्ये लिहिलेले होते, आणि जंतांचे औषध कोणत्या तारखांना पाजले तेही. पिवळ्या लोकरीच्या पिल्लाचे वजन चौथ्या दिवशी घटले होते, तिथे समासात "वरून दूध दिले" अशी नोंद होती. तेच पिल्लू पुढे खारीक झाले. आम्ही बसलो असताना बाईंनी एकेकाला मांडीवर घेऊन छोटे ट्रिमर नुसते चालू करून गालाजवळ धरले आणि तोंडावरचे व पंजांमधले थोडे केस काढले. पूडलला जन्मभर केस कापून घ्यावे लागतात, त्यामुळे त्या घरघरीची सवय आईपाशी असतानाच लागावी, हा त्यामागचा विचार. स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, मिक्सर फिरत होता, आणि पिल्ले मान वर करून पुन्हा खेळात रमत होती. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून तिसऱ्या महिन्यापर्यंतचा काळ पिल्लाच्या स्वभावासाठी फार मोलाचा असतो. या काळात ते पिंजऱ्यात एकटे वाढले, तर पुढे गणपतीच्या ढोलताशांपासून लिफ्टच्या दारापर्यंत प्रत्येक गोष्टीला ते घाबरू शकते. ती भीती नंतर घालवणे अशक्य नसले, तरी अतिशय कष्टाचे असते.

पिल्लाची आई आमच्याजवळ आली, हात हुंगला, मुलीच्या पायाशी बसली आणि पिल्लांनी फारच गोंधळ घातला तेव्हा उठून दुसऱ्या खोलीत गेली. तिचे ते निवांत वागणे पाहून आमचा निर्णय झाला. वडील पुण्याचे होते. त्यांचे डीएनए अहवाल, गुडघ्यांची नोंद आणि व्हिडिओ आम्हाला दाखवले गेले. वडील वेगळ्या घरचे असणे हे पुष्कळदा चांगलेच लक्षण असते, कारण ब्रीडरने घरातलाच नर सोयीचा म्हणून वापरलेला नसून, जोडी विचारपूर्वक शोधलेली असते.

आकार आणि रंग या दोन गोष्टींवरून बाजारात सर्वाधिक दिशाभूल होते. एफसीआय या केनेल क्लबांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या मानकात पूडलचे चारच आकार आहेत. खांद्यापाशी मोजलेली उंची स्टँडर्डची साधारण ४५ ते ६० सेंटीमीटर, मीडियमची ३५ ते ४५, मिनिएचरची २८ ते ३५ आणि टॉयची २४ ते २८ असते. टीकप नावाचा प्रकार यात कुठेही नाही. अति लहान दिसावे म्हणून वेतातली सर्वांत अशक्त पिल्ले निवडून त्यांचीच वीण केली जाते, किंवा सहा आठवड्यांचे पिल्लू दहा आठवड्यांचे म्हणून विकले जाते. एवढ्याशा पिल्लांत रक्तातली साखर अचानक उतरण्याचा धोका मोठा असतो. एखादे खाणे चुकले तरी ते थरथरू लागते, लुळे पडते, झटकेही येतात. त्यांची हाडे सोफ्यावरून उडी मारल्यानेही मोडू शकतात. लोकांनी टीकप मागणे थांबवले, तर हा प्रकार पुष्कळसा आपोआप थांबेल. रंगाबाबत एवढेच सांगते की जर्दाळू, लाल आणि तपकिरी रंग वयानुसार पुष्कळदा फिके होत जातात, त्यामुळे गडद लाल रंगासाठी जास्तीचे पैसे देण्यात अर्थ नाही. मर्ल, म्हणजे ठिपक्याठिपक्यांचा रंग "दुर्मीळ" म्हणून कोणी विकत असेल, तर तो पूडलच्या मान्य रंगांत नाही हे लक्षात ठेवावे. मर्ल नर आणि मर्ल मादी यांची जोडी लावली, तर पिल्ले बहिरी किंवा आंधळी निपजू शकतात.

वय नक्की करण्याची एक खूण आमच्या पशुवैद्यांनी सांगितली. आठ आठवड्यांच्या सुमारास दुधाचे जवळजवळ सगळे, म्हणजे अठ्ठावीस दात आलेले असतात. तोंड उघडून पाहिल्यावर मागे नुसत्याच हिरड्या दिसल्या, तर सांगितलेल्या वयाविषयी शंका घ्यावी. आमच्या शेजारच्या विंगमध्ये आणलेले एक पिल्लू असेच वय वाढवून विकलेले होते. आणल्यावर चौथ्या दिवशी त्याला उलट्या आणि रक्ताचे जुलाब सुरू झाले. पार्व्हो, म्हणजे आतड्यांचा जीवघेणा विषाणूजन्य रोग निघाला. विक्रेत्याचे म्हणणे पडले की गाडीचा त्रास झाला असेल. परंतु पार्व्होची लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत बहुधा तीन ते सात दिवस जातात, म्हणजे हा रोग त्याने सोबतच आणलेला असण्याचीच शक्यता अधिक होती. चार दिवस सलाइन लावूनही ते पिल्लू वाचले नाही. त्या घरातला लहान मुलगा कित्येक दिवस आमच्या मजल्यावर येऊन खारीकजवळ गप्प बसून राहत असे. अशा घरात लगेच दुसरे पिल्लू आणू नये. पार्व्होचा विषाणू फरशीवर आणि मातीत महिनोन्महिने टिकतो आणि साध्या फिनाईलने मरत नाही. त्यासाठी पाण्यात मिसळलेले ब्लीच लागते.

लसीकरणाचे कार्ड हातात घेतल्यावर नुसते शिक्के पाहू नयेत. लसीच्या बाटलीवरचे चिकटपत्र, तारीख आणि पशुवैद्यांची सही व नोंदणी क्रमांक आहे का ते पाहावे. पहिली लस साधारण सहा ते आठ आठवड्यांत, पुढच्या मात्रा तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत आणि रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास, हा सर्वसाधारण क्रम आहे. तोवर पिल्लाला सोसायटीच्या बागेत खाली सोडू नये, मात्र कडेवर घेऊन बाहेरचे जग अवश्य दाखवावे.

केसांचा खर्च किमतीत धरलाच पाहिजे. पूडलचे केस गळत नाहीत, ते वाढत राहतात आणि सुटलेले केस आतल्या आत अडकून गुंते होतात. आपल्याकडच्या पावसाळ्यात कुत्रे ओले राहिले की त्या गुंत्यांखाली त्वचा लाल होते आणि केसाळ कानांत बुरशी धरते. रोज कातडीपर्यंत पोहोचेल असे विंचरणे आणि चार ते सहा आठवड्यांनी कातरणे याला पर्याय नाही. ज्यांना हे जमणार नाही, त्यांनी दुसरी जात पाहावी किंवा रस्त्यावरचे एखादे पिल्लू दत्तक घ्यावे. ते तर ठाण्यात कधीही मिळेल आणि तितकीच माया करील.

खारीकला नवव्या आठवड्यात आणले. सोबत मायक्रोचिप क्रमांक, केसीआयचा नोंदणी अर्ज, आईवडिलांच्या अहवालांच्या प्रती, आठवडाभर पुरेल एवढे तिचे नेहमीचे खाणे आणि आईच्या अंथरुणाचा एक तुकडा दिला गेला. करार दोन पानी होता. तीन दिवसांच्या आत आपल्या पशुवैद्यांकडून तपासून घ्यावे, आनुवंशिक आजार निघाल्यास कळवावे, आणि कोणत्याही कारणाने कुत्री सांभाळणे अशक्य झाले तर तिचे वय काहीही असले तरी ती दुसऱ्या कोणाला न देता नेरुळलाच परत आणावी, अशी त्यातली मुख्य कलमे होती. महापालिकेचा परवाना रेबीजच्या लसीनंतर काढला.

ती वर्षाची झाल्यावर बाईंचा दूरध्वनी आला. गुडघे तपासून घ्या आणि पशुवैद्यांनी दिलेली श्रेणी मला लिहून पाठवा, असे त्यांनी सांगितले. त्या वेताच्या प्रत्येक पिल्लाच्या घरी त्यांनी हेच कळवले होते. खारीकचे दोन्ही गुडघे उत्तम निघाले. तिच्या एका भावाची उजवी वाटी मात्र दुसऱ्या श्रेणीत सरकत होती. त्यावर बाईंनी त्याच्या घरच्यांना आमच्याच पशुवैद्यांकडे पाठवले, औषधोपचाराचा काही भाग स्वतः उचलला आणि खारीकच्या आईची वीण थांबवून तिची नसबंदी करून घेतली.